मानव्यविद्येच्या संशोधनात वेब-सेवा कशा वापराव्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतिहास, साहित्य, भाषा, लोककला अशा विषयांत पीएच.डी. करणारी मुलं, काही प्राध्यापक आणि दोन-चार निवृत्त हौशी संशोधक गेली काही वर्षं मला प्रश्न पाठवत असतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक मराठ्यांच्या इतिहासावर काम करणारे, म्हणून उदाहरणंही तिकडचीच जास्त. कुठे अडून इथवर पोचला असाल, तर थेट प्रश्न ६ पासून वाचा.

१. सेवाधारित संगणन म्हणजे नेमकं काय? वेबसाइट तर मी रोज वापरतो, त्यापेक्षा हे वेगळं कसं?

वेबसाइट माणसाच्या डोळ्यांसाठी असते, सेवा प्रोग्रामसाठी. इंटरनेट आर्काइव्हवर तुम्ही एखादं जुनं पुस्तक उघडता तेव्हा मुखपृष्ठ दिसतं, शेजारी वर्ष आणि प्रकाशक दिसतो. तेच वर्ष आणि तोच प्रकाशक तुमचा प्रोग्राम थेट मागू शकतो. तेव्हा चित्र, रंग, बटणं काही येत नाही, ठरलेल्या साच्यात फक्त माहिती येते. काय मागता येईल, कसं मागायचं आणि उत्तर कोणत्या साच्यात मिळेल, हा जो करार असतो त्याला एपीआय म्हणतात.

‘सेवाधारित’ म्हणायचं कारण असं की जड काम दुसऱ्याच्या यंत्रावर होतं आणि अशी अनेक कामं एकापुढे एक जोडता येतात. जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठाची वेबलिश्ट ही व्यवस्था याचा चांगला नमुना आहे: मजकुराचे शब्द पाडणारी सेवा एका संस्थेची, शब्दांच्या जाती ओळखणारी दुसरीची, वाक्यरचना दाखवणारी तिसरीची. तुम्ही फक्त साखळी लावता. आज भेटणाऱ्या बहुतेक सेवा रेस्ट पद्धतीच्या, म्हणजे साध्या वेबपत्त्यावरून मागणी करायच्या, आहेत. रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या प्रबंधात ती मांडली. त्याआधीच्या वळणाच्या सोप सेवा काही जुन्या ग्रंथालय-प्रणालींत अजून सापडतात. तशी गाठ पडली तर एखाद्या तांत्रिक मित्राला चहाला बोलवा.

२. मी इतिहासाचा माणूस. मला हे कशाला हवं? एक्सेल पुरत नाही का?

पुष्कळदा पुरतं. दोनशे पत्रांचा अभ्यास असेल तर एक नीट तक्ता आणि तुमची स्मरणशक्ती कोणत्याही सेवेपेक्षा भरवशाची. पंचाईत होते ती पत्रं चार हजार झाली की. प्रत्येक गाव हाताने नकाशावर शोधत बसलात तर शिष्यवृत्ती संपेल, गावं संपणार नाहीत.

दुसरी गरज जोडणीची. तुमच्या यादीतला ‘बाजीराव बल्लाळ’ आणि परदेशातल्या ग्रंथालयाच्या सूचीतला ‘बाजी रो’ एकच आहेत, हे यंत्राला कळायला दोन्हीकडून एकाच क्रमांकाकडे बोट दाखवावं लागतं. हे क्रमांक सेवाच पुरवतात.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच डोक्यात ठेवा, पुढच्या बऱ्याच उत्तरांत ती परत येईल. आपण अस्सल कागद आणि नक्कल यांत फरक करतो. नक्कल कुणी केली, कधी केली, कशावरून केली, हे विचारल्याशिवाय ती पुरावा म्हणून घेत नाही. सेवेकडून आलेलं उत्तर ही कायम नक्कल समजा.

३. मला प्रोग्रामिंग अजिबात येत नाही. तरी जमेल का?

जमेल. ओपनरिफाइन हे मोफत साधन घ्या. ते तुमच्याच संगणकावर चालतं आणि ब्राउझरमध्ये उघडतं. तुमचा तक्ता त्यात टाकला की ‘सातारा’, ‘सातारे’, ‘सातारें’ अशी जवळपासची रूपं एकत्र करून दाखवायला सांगता येतं. मग व्यक्तींचा किंवा गावांचा रकाना विकिडेटाशी (विकिपीडियाच्या भावंडाशी, म्हणजे माहितीच्या मोकळ्या साठ्याशी) पडताळून पाहायचा. प्रत्येक नावापुढे उमेदवार येतात, निवड तुम्ही करता. साधन सुचवतं, ठरवत नाही, म्हणून मला ते आवडतं.

याच्या पुढे गेलात तर पायथॉनच्या वीस-पंचवीस ओळी लागतील. त्या शिकायला एक दिवाळीची सुट्टी पुरते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याकडून सगळं करून घेण्यापेक्षा तेवढं स्वतः शिकलेलं बरं. कारण चूक झाली की ती तारखेची आहे, लिपीची आहे की प्रोग्रामची, हे त्याला कळणार नाही, तुम्हाला कळेल.

४. सध्या कोणत्या सेवा खरोखर उपयोगाच्या आहेत?

व्यक्ती आणि संस्था यांच्या ओळखीसाठी विकिडेटा. ते ऑक्टोबर २०१२ पासून चालू आहे आणि त्याला स्पार्कल भाषेत प्रश्न विचारता येतात. ‘सतराव्या शतकात जन्मलेल्या आणि पुण्यात वारलेल्या सगळ्या व्यक्ती’ अशी यादी काही सेकंदांत मिळते. ग्रंथकर्त्यांसाठी व्हीआयएएफ, गावांसाठी जिओनेम्स आणि ओपनस्ट्रीटमॅपची नॉमिनॅटिम (पण आधी प्रश्न ९ वाचा). लेखांच्या संदर्भांसाठी क्रॉसरेफ. ग्रंथालयांच्या सूची एकगठ्ठा उचलायच्या तर ओएआय-पीएमएच हा २००१ पासूनचा जुना, कंटाळवाणा आणि म्हणूनच विश्वासू करार आहे.

संस्कृतवाल्यांची चंगळ आहे. फ्रान्समध्ये जेरार हुए यांनी उभारलेलं संकेतस्थळ संधी सोडवून पदच्छेद देतं. मराठीसाठी त्या तोडीचं रूपविश्लेषण मी अजून वापरलेलं नाही. ‘घराण्यातल्यांनीसुद्धा’ या शब्दाची फोड करायला सांगितली की बहुतेक साधनं हात टेकतात. भारत सरकारच्या भाषिणी प्रकल्पातून भाषांतर आणि उच्चार-ओळख मराठीसाठी मिळते, आजच्या बोलीवर ती बरी चालते. पेशवाईतल्या गद्यावर वापरायची असेल तर आधी दहा पानांवर आजमावून पाहा.

५. ट्रिपल-आय-एफ हे नाव सारखं ऐकतो. ते काय आहे?

लिहिताना आयआयआयएफ. हस्तलिखितांच्या प्रतिमा देण्या-घेण्याचा हा सामाईक करार २०११ च्या सुमारास ब्रिटिश लायब्ररी, स्टॅनफर्ड, ऑक्सफर्ड अशा ग्रंथालयांनी मिळून सुरू केला. गंमत त्याच्या पत्त्यात आहे. प्रतिमेच्या वेबपत्त्यातच क्रमाने लिहायचं: प्रतिमेचा कोणता भाग हवा, केवढ्या आकारात, किती अंशांत फिरवून, रंगीत की करडा. पत्त्यातले आकडे बदलले की सर्व्हर तेवढाच तुकडा कापून पाठवतो.

शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही समाप्तिमुद्रा असते. समजा वेगवेगळ्या संग्रहांतली अशी पन्नास पत्रं या पद्धतीने उपलब्ध आहेत. तर पन्नास मोठ्या फायली उतरवून न घेता फक्त पन्नास मुद्रांचे तुकडे एका पानावर शेजारी शेजारी लावता येतील. ठसा एकाच शिक्क्याचा आहे का, हा प्रश्न मग डोळ्यांनी सोडवता येतो. मिराडोर नावाच्या दर्शकात दोन देशांतल्या दोन प्रती समोरासमोर उघडतात. अट एवढीच की संग्रहाने ही सेवा चालू केलेली हवी. आपल्याकडच्या अनेक संग्रहांत स्कॅनिंग झालेलं असतं, पण पीडीएफच्या पुढे गाडी सरकलेली नसते.

६. मराठी शब्द पाठवला की उत्तर रिकामं येतं, आणि तोच शब्द पानावर तर दिसतोय! असं का?

मला सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. पानावर दिसणारं अक्षर आणि आत साठवलेले संकेत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिला संशयित जुना फॉन्ट. श्रीलिपी किंवा आकृतीत टंकलेला मजकूर आतून रोमन संकेतांचा असतो, फक्त त्या फॉन्टमुळे मराठी दिसतो. सेवेला तो निरर्थक अक्षरांचा ढीग वाटतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलायला हवा, आणि त्यासाठी मूळ फॉन्ट नेमका कोणता होता हे ठाऊक हवं.

दुसरा संशयित जास्त लबाड आहे. ‘कऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ यांतला आडवा र दोन प्रकारे टंकला जातो. एका पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि पाठोपाठ न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. तसंच ‘ॲ’चं. २००८ पासून युनिकोडमध्ये त्याला एकच संकेत आहे, पण जुन्या मजकुरात ‘अ’वर अर्धचंद्राची मात्रा देऊन तो लिहिलेला असतो. युनिकोडचं ‘नॉर्मलायझेशन’ चालवलं की सगळं सारखं होईल, असं कुणी सांगेल. या दोन्ही जोड्यांना ते हातही लावत नाही. बदलांची यादी तुम्हालाच करावी लागते, आणि ती दोन्ही बाजूंना, म्हणजे तुमच्या शब्दावर आणि आलेल्या मजकुरावर, सारखी चालवावी लागते.

तिसरा संशयित लेखनाचे नियम. १९६२ च्या आधीच्या छापील मराठीत ‘नाहीं’, ‘घरांत’, ‘कां’ असे अनुस्वार सर्रास आहेत. सगळे अनुस्वार सरसकट काढून शोधावं असं वाटतं, पण तसं केलं की ‘अंत’ आणि ‘अत’ एक होतात. मी फक्त शब्दाच्या शेवटचे आणि विभक्तिप्रत्ययांवरचे अनुस्वार काढतो. तरी शंभरात काही निसटतातच.

आणि आकडे! ‘१७६१’ आणि इंग्रजी आकड्यांतलं ‘1761’ अनेक सेवांना वेगळं वाटतं.

७. मोडी कागद सेवेला दिला तर देवनागरी मजकूर मिळेल का?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली. अक्षरमुखसारखं लिप्यंतराचं साधन युनिकोड मोडीचं देवनागरी करून देतं. पण तुमच्याकडे आहे ती कागदाची प्रतिमा, आणि प्रतिमेतून अक्षरं ओळखणं हे निराळंच काम आहे.

त्यासाठी ट्रान्सक्रिबस किंवा ई-स्क्रिप्टोरियमसारख्या व्यवस्था आहेत. आधी तुम्ही हाताने वाचून दिलेली पानं त्यांना शिकवायची, मग त्या पुढची वाचतात. पहिल्या प्रशिक्षणासाठी पाच ते पंधरा हजार शब्द लागतात असा ट्रान्सक्रिबसचा अंदाज आहे. मोडीला तेवढ्यावर भागेल असं समजू नका. शिरोरेषा आधी ओढून खाली सलग लिहायची रीत, शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एका कारकुनाच्या हातावर तयार केलेलं प्रारूप (मॉडेल) दुसऱ्याच्या हातावर कोसळतं. शिवकालीन वळणावर शिकलेलं आंग्लकालीन वळणावर चालत नाही. एकाच दप्तरातला, एकाच हाताचा मोठा गठ्ठा असेल तर मात्र हे कष्ट वसूल होतात. चाळीस सुट्या कागदांसाठी मोडी वाचक गाठा.

८. तारखा बदलून देणाऱ्या सेवेने राज्याभिषेकाची तारीख १६ जून दिली. सेवा चुकली का?

सेवा तिच्या हिशेबाने बरोबर आहे, आणि नेमका तिथेच धोका आहे.

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ म्हणजे ६ जून १६७४. पण ही ६ जून जुन्या, म्हणजे ज्युलियन पंचांगाची आहे. इंग्रज तेव्हा तेच वापरत होते. बहुतेक संगणकीय प्रणाली आजचं ग्रेगोरियन पंचांग अनंत भूतकाळापर्यंत मागे ताणतात. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर, म्हणून १६ जून. विकिडेटा तारीख साठवताना पंचांग कोणतं ते नोंदवतो. पण स्पार्कलने विचारलं तर ज्युलियन तारीख ग्रेगोरियन करून हातात देतो, आणि पंचांगाची नोंद वेगळी मागावी लागते. ती न मागता काढलेला कालपट दहा दिवस सरकलेला असतो. तो काढणाऱ्याला हे कळतही नाही.

गुंता इथे थांबत नाही. पोर्तुगालने ग्रेगोरियन पंचांग १५८२ मध्येच घेतलं, इंग्लंडने १७५२ मध्ये. म्हणजे गोव्याहून निघालेलं पोर्तुगीज पत्र आणि सुरतेच्या वखारीतलं इंग्रजी पत्र एकाच दिवशी लिहिलेलं असलं तरी तारखा वेगळ्या. त्यात इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं. जानेवारी १६६४ मधल्या सुरतेच्या पहिल्या लुटीची हकीकत त्यांच्या कागदांत जानेवारी १६६३ ची दिसू शकते. सेवेला ती तारीख तशीच दिली तर लूट वर्षभर आधी होऊन बसते.

सुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो आणि अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. जून ते डिसेंबरसाठी त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मेसाठी ६००. पानिपतची लढाई, १४ जानेवारी १७६१, याच सनात बसते. हा हिशेब करून देणारी सेवा शोधत बसण्यापेक्षा तक्त्यात एक सूत्र लिहिणं सोपं.

तिथींसाठी सेवा वापरणार असाल तर ती अमान्त महिने धरते की पौर्णिमान्त, हे पहिल्यांदा तपासा. चाचणी सोपी आहे: कृष्णजन्माष्टमी विचारा. उत्तर श्रावण वद्य अष्टमी आलं तर आपली पद्धत, भाद्रपद कृष्ण अष्टमी आलं तर उत्तरेकडची. शुद्ध पक्षात दोन्ही जुळतात, त्यामुळे अर्ध्या नोंदी बरोबर दिसतात आणि चूक लपून राहते. हिजरी तारखांत एका दिवसाचा फरक नेहमीच धरून चाला. सेवा गणिताने मोजते, कागद लिहिणाऱ्याने चंद्र पाहिलेला असतो. फसली सनाचे प्रांतागणिक प्रकार आहेत, त्यावर इथे शिरत नाही.

माझा नियम एकच: मूळ कागदावरची तारीख अक्षरशः एका रकान्यात, पंचांग दुसऱ्यात, बदललेली तारीख तिसऱ्यात, आणि ती कशाने बदलली हे चौथ्यात. पहिला रकाना कधीही पुसायचा नाही.

९. गावांची नावं नकाशा-सेवेला दिली तर काही ठिपके भलत्याच देशात पडले. काय करू?

एका मुलीची वसई म्यानमारमध्ये पडली होती. इंग्रजी कागदांत वसईला जे ‘बसीन’ नाव आहे, तेच इरावतीच्या मुखाजवळच्या पाथेन शहरालाही होतं. ३१ डिसेंबर १८०२ चा तह कुठे झाला हे यंत्राला कसं कळणार?

साष्टी तर घरातलीच डोकेदुखी. एक मुंबईच्या उत्तरेची, एक गोव्यातली, आणि पोर्तुगीज कागदांत दोन्हींचं नाव जवळजवळ सारखं. औंध पुण्यात आहे आणि सातारा जिल्ह्यातही. खडकी म्हटलं की १८१७ ची लढाई झालेली पुण्याजवळची आठवते. पण मलिक अंबरने वसवलेली खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर.

उपाय असा की नुसतं नाव पाठवू नका. सेवा परवानगी देत असेल तर देश, जिल्हा किंवा नकाशावरची चौकट सोबत द्या. त्याहून चांगलं म्हणजे कामातल्या शंभरेक मुख्य गावांचा स्वतःचा छोटा कोश करा. सेवेला विचारण्याआधी त्यात पाहायचं, तिथे नसेल तरच बाहेर जायचं.

बुडालेल्या गावांचं निराळं. उजनीच्या पाण्याखाली गेलेलं जुनं पळसदेव आणि वसवलेलं नवं पळसदेव यांचे अक्षांश-रेखांश एक नाहीत. सेवा आजचा ठिपका देते, तुमचं पत्र मात्र जुन्या गावातून निघालेलं असतं. आणि ‘प्रांत’, ‘तर्फ’, ‘परगणा’ यांना ठिपका देऊच नका. प्रदेशाला ठिपका दिला की नकाशा खोटं बोलायला लागतो.

१०. मध्येच ४२९ असा आकडा येऊन काम थांबतं. बंदी घातली का?

अजून नाही. ४२९ म्हणजे ‘फार घाई करताय’. नॉमिनॅटिमच्या सार्वजनिक सर्व्हरवर सेकंदाला एकापेक्षा जास्त विनंती करायची नाही असा नियम आहे. विकिडेटाचा एखादा प्रश्न ६० सेकंदांत सुटला नाही तर तो तोडून टाकतात. दोन विनंत्यांमध्ये विश्रांती ठेवा, आपण कोण हे विनंतीच्या शीर्षात लिहा, आणि एकदा मिळालेलं उत्तर साठवून तेच परत विचारू नका. हजारांनी नोंदी हव्या असतील तर अनेक सेवा पूर्ण विदेची (डेटाची) फाइलच उतरवून घ्यायला देतात. ती घ्या, सगळ्यांचाच त्रास वाचतो.

४०१ किंवा ४०३ आलं तर परवानगीचा प्रश्न आहे, पुढचं उत्तर पाहा. ५०३ आलं तर त्यांचाच सर्व्हर झोपलाय, तुम्हीही झोपा.

११. ‘एपीआय की’ मागतात. पैसे लागतात का?

की म्हणजे ओळखपत्र. ती मोफत मिळू शकते, पण वापराची मर्यादा तिच्यावरून मोजली जाते. ती प्रोग्राममध्ये लिहून तो प्रोग्राम गिटहबसारख्या उघड्या ठिकाणी टाकायची चूक प्रत्येक जण एकदा करतो. तुम्ही करू नका.

१२. आधार घेतलेली सेवाच बंद पडली तर?

पडणारच, हे धरून चाला. गूगलने फ्रीबेस हा माहितीचा मोकळा साठा २०१६ मध्ये गुंडाळला. गंमत म्हणजे प्रश्न ३ मधलं ओपनरिफाइन मूळ फ्रीबेससाठीच जन्मलं होतं. पालक गेला, पोर मोकळ्या परवान्यामुळे जगलं. अमेरिकेत २००८ मध्ये मेलन प्रतिष्ठानच्या पैशावर प्रोजेक्ट बांबू सुरू झाला होता. मानव्यविद्येसाठी सामाईक सेवांचं जाळं विणायचं हेच त्याचं ध्येय होतं. काही वर्षांतच तो थांबला. ब्रिटनमध्ये कला आणि मानव्यविद्येच्या विदासेवेचा निधी २००८ मध्ये बंद झाला. २०२३ मध्ये ट्विटरने संशोधकांना मिळणारा मोफत प्रवेश काढून घेतला आणि अर्धवट प्रबंध लटकले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, तिच्या कितीतरी सेवा महिनोन् महिने बंद होत्या. पुढच्या ऑक्टोबरात इंटरनेट आर्काइव्हची पाळी आली.

बंद पडलेली सेवा निदान कळते तरी. न सांगता बदललेली जास्त घात करते. लिप्यंतर करणारी एक सेवा मी वर्षभर वापरत होतो. मध्येच कधीतरी तिने ‘ळ’साठी वेगळं रोमन चिन्ह द्यायला सुरुवात केली. माझ्या यादीत अर्धे ‘काळे’ एका रूपात आणि अर्धे दुसऱ्या, आणि मी दोन घराणी समजून आठवडाभर वंशावळ जुळवत बसलो. तेव्हापासून प्रत्येक सेवेला दर महिन्याला तेच वीस शब्द पाठवतो आणि उत्तर बदललं का पाहतो.

१३. प्रबंधात सेवेचा संदर्भ कसा द्यायचा? मार्गदर्शक म्हणतात, ‘वेबसाइटचं नाव लिहून टाक.’

नुसतं नाव पुरत नाही. सेवेचं नाव आणि आवृत्ती, प्रश्न शब्दशः काय विचारला, कोणत्या दिवशी विचारला, किती उत्तरं आली आणि त्यांतली किती तुम्ही हाताने बदलली, एवढं हवंच. मुख्य मजकुरात एक वाक्य पुरतं: ‘२,१४० स्थळनामांपैकी १,३०० सेवेने सुचवल्याप्रमाणे घेतली, ६१० हाताने निवडली, २३० सोडून दिली’ (आकडे नमुन्याचे). परीक्षकाला तुमच्या कामाची कल्पना यातूनच येते.

आलेली कच्ची उत्तरं, अजिबात न सुधारता, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. परवाना देत असेल तर (प्रश्न १४) ती झेनोडो या संशोधन-साठ्यावर ठेवून डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) घ्या, मोफत मिळतो. दप्तरखान्यात आपण रुमाल क्रमांक लिहून घेतोच, त्याच सवयीने हे करायचं.

१४. सेवेतून मिळालं म्हणजे वापरायला मोकळं, असंच ना?

नाही. भारतात साहित्यकृतीचा स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. अनुवादकाचा हक्क मूळ लेखकाहून वेगळा असतो, हे हमखास विसरलं जातं. त्यावर सेवेच्या स्वतःच्या अटी असतात. विकिडेटाची विदा पूर्ण मोकळी आहे. जिओनेम्स वापरता येतं, पण नाव द्यावं लागतं. एखादा संग्रह प्रतिमा पाहू देतो, छापू देत नाही. तीन वेगळे परवाने एकत्र आले की सर्वांत कडक अट तुमच्या विदासंचालाही लागू होते.

१५. एआयच्या एपीआयला पत्रं देऊन नावं आणि गावं काढून घेतली तर चालेल?

चालेल, पण मोजून. आधी शंभर पत्रं स्वतः वाचून खुणा करा. मग तीच पत्रं सेवेला द्या आणि दोन आकडे काढा: किती नावं सुटली, किती चुकीची आली. हे आकडे प्रबंधात द्या. तोच प्रश्न दोनदा विचारून उत्तर बदलतं का, तेही पाहा.

मला जास्त भीती सुधारण्याच्या खोडीची वाटते. जुनं रूप गुपचूप आजचं केलं जातं. त्याहून वाईट म्हणजे फाटलेल्या जागी नसलेला मजकूर सफाईने भरला जातो, आणि तो वाचायला इतका अस्सल वाटतो की जाणकारही फसतो. म्हणून प्रत्येक काढलेलं नाव मूळ मजकुरात अक्षरशः सापडतं का, ही तपासणी साध्या प्रोग्रामने करा. सापडलं नाही तर ते नाव बाजूला काढा. शिवाय प्रारूपं निवृत्त होतात, तेव्हा प्रश्न १२ आणि १३ इथेही लागू.

१६. घराण्याचे खाजगी कागद किंवा मुलाखतींच्या ध्वनिफिती अशा सेवेला पाठवाव्यात का?

ज्यांचे कागद आहेत त्यांना विचारल्याशिवाय नाही. ‘संशोधनासाठी वापरा’ म्हणून दिलेली संमती परदेशातल्या सर्व्हरवर चढवायला लागू होते, असं गृहीत धरू नका. हयात माणसांची माहिती असेल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही वाचावा. उच्चार-ओळखीची काही प्रारूपं स्वतःच्या संगणकावर बसवता येतात. हळू चालतात, पण फीत घराबाहेर जात नाही.

१७. आमच्या छोट्या संस्थेकडे हस्तलिखितांची सूची आहे. आम्हीच सेवा देऊ शकतो का?

देऊ शकता, आणि वाटतं त्यापेक्षा कमी खर्चात. तुमचं ग्रंथालय कोहा किंवा डीस्पेस या प्रणालींवर असेल तर ओएआय-पीएमएच त्यात आहेच, पुष्कळदा फक्त सेटिंगमध्ये चालू करायचं राहिलेलं असतं. तेही नसेल तर सूचीची साधी सीएसव्ही फाइल संकेतस्थळावर ठेवा, तारीख घालून. देखण्या शोधपानापेक्षा संशोधकाला तिचा उपयोग जास्त.

प्रत्येक हस्तलिखिताला कायमचा क्रमांक द्या आणि कपाट बदललं तरी तो बदलू नका. ‘कपाट ३, कप्पा २’ हा क्रमांक नव्हे, ती जागा झाली.

१८. सेवेचं उत्तर चुकलंय हे माझ्यापुढच्या अस्सल कागदावरून दिसतंय. दुरुस्ती कुठे करायची?

आधी आपल्या विदेत: सेवेचं उत्तर तसंच ठेवा, शेजारी तुमचं वाचन आणि कागदाचा रुमाल क्रमांक लिहा. मग मूळ ठिकाणी. विकिडेटावर खातं उघडून नवं विधान संदर्भासकट जोडता येतं. तिथलं जुनं विधान कुठल्या प्रकाशित साधनावर उभं असेल तर ते खोडू नका. दोन्ही ठेवून तुमच्या विधानाला वरचा दर्जा द्या आणि कारण चर्चापानावर लिहा. जिओनेम्सवरही गावाचं पर्यायी नाव घालता येतं. ऑस्ट्रेलियाच्या ट्रोव्हमध्ये तर जुन्या वर्तमानपत्रांचा चुकलेला मजकूर वाचकच सुधारतात.

ज्या सेवेत अशी सोय नाही, तिथे ईमेल पाठवा: एक ओळ चुकीची, एक ओळ बरोबर वाचनाची, आणि कागदाचा फोटो काढायची परवानगी असेल तर तो. एका ग्रंथालयाने माझी दुरुस्ती अकरा महिन्यांनी स्वीकारली. तोवर त्यांच्या उत्तराची नक्कल इतर तीन सेवांत पोचली होती, त्यांना वेगळी पत्रं लिहावी लागली. दोघांची उत्तरं आली, तिसऱ्याची वाट पाहतोय.